पिन बसली म्हणजे झालं असं नाही



गेल्या संक्रांतीला, सणाला चार दिवस उरले असताना, आम्ही आमच्या गटाचं एक मशीन आमच्याच हाताने जाळलं. दहा सेकंदांत. आज त्याचीच गोष्ट सांगणार आहोत, कारण आता आपल्या कोपरखैरणे-घणसोलीच्या घराघरातून कुणी ना कुणी परदेशी आहे. ज्यांच्या वडिलांनी मार्केटात माथाडीचं काम केलं त्यांची मुलं अमेरिकेत, दुबईत नोकरी करतात. इकडून मसाले आणि मिक्सर जातात, तिकडून भेटीदाखल मशीनं येतात.

आमचा गट कांदा-लसूण मसाला, भाजणी आणि संक्रांतीला गुळपोळ्या करतो. परदेशी नेणारी गिऱ्हाइकं पाकीट घट्ट मागतात, पिशवीत तेल उतरलेलं त्यांना चालत नाही. आमच्यातल्या एका ताईंचा भाचा अमेरिकेहून येणार होता. त्याला सांगून पाकिटातली हवा ओढून तोंड चिकटवणारं मशीन मागवलं. गटाच्या बचतीतून साडेआठ हजार रुपये दिले. मशीन आलं, आम्ही हळदकुंकू वाहिलं. वायरच्या टोकाला दोन चपट्या पट्ट्या होत्या, त्या आपल्या प्लगात बसेनात. म्हणून एकजण कोपऱ्यावरच्या दुकानात गेली आणि साठ रुपयांचा ‘कन्व्हर्टर’ घेऊन आली. तो छान बसला. बटण दाबलं, दिवा लागला, घूं असा आवाज आला, मग जळका वास, आणि सगळं शांत.

सगळ्यांनी आधी पाहिलं ते ताईंकडे. त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या दोन बैठकांना त्या आल्याच नाहीत.

वाशीला दुरुस्तीवाल्या दादांकडे मशीन नेलं. त्यांनी ते उघडायच्या आधी उलटं केलं आणि तळाच्या चिकटपट्टीवर बोट ठेवलं. १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. “हे वाचलं नव्हतं का?” आम्ही तेरा जणी. त्यात बी.ए. झालेल्याही आहोत, इतरांना बँकेचे अर्ज भरून देणाऱ्या. पण एकीनेही मशीन उलटं करून पाहिलं नव्हतं.

व्होल्टेज म्हणजे काय, हे दादांनी सांगितलं ते असं. गच्चीवरची पाण्याची टाकी जितकी उंच, तितका खालच्या नळाला जोर. आपल्याकडे विजेची टाकी २३० वर आहे. अमेरिकेत ती १२० वर. निम्म्या जोरासाठी बनवलेल्या नळीत दुप्पट जोराचं पाणी सोडलं तर नळी फुटणारच. आम्ही दुकानातून आणलेल्या डबीने फक्त तोटीचं तोंड जुळवलं, टाकी काही खाली आणली नाही. ती डबी नुसती पिन असते. दुकानदार तिला कन्व्हर्टर म्हणतात, गिऱ्हाईकही त्याच नावाने मागतं, आणि सगळा घोळ या नावातच आहे. व्होल्टेज खरोखर उतरवणारी वस्तू म्हणजे ट्रान्सफॉर्मर. ती साठ रुपयांना मिळत नाही आणि मुठीतही मावत नाही.

तापणाऱ्या वस्तूंचा हिशोब तर आणखी कडक आहे. जोर दुप्पट झाला की त्या दुप्पट नाही, जवळजवळ चौपट तापतात. अमेरिकेची १००० वॅटची इस्त्री आपल्या प्लगात लावली तर ती ३६०० वॅटच्या पुढे ओढू पाहते. आधी कपडा जातो, मग इस्त्री, आणि घरात त्या वेळी कुणी नसेल तर त्यापुढचं सांगायला नको. उलट आपली १००० वॅटची इस्त्री तिकडे नेली तर जेमतेम पावणेतीनशे वॅटची होते, नुसती कोमट.

हे एवढं कळलं आणि जूनमध्ये त्याचा उपयोग झाला. आमच्या गटातल्या एक काकू लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघाल्या. पहिल्यांदाच विमान, तेही एकट्या. लेक न्यू जर्सीत एडिसन नावाच्या गावी राहते. विजेच्या दिव्याच्या एडिसनचंच नाव त्या गावाला दिलंय, त्याची प्रयोगशाळा तिथे होती. याच एडिसनने १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये ११० व्होल्टची वीज घरोघर द्यायला सुरुवात केली आणि अमेरिका त्याच्या आसपासच राहिली. युरोप पुढे २२० कडे गेला, आणि आपली वीज इंग्रजांच्या वळणावर बेतलेली.

काकूंची बॅग आम्ही सगळ्यांनी मिळून भरली. म्हणजे आधी रिकामी केली. २३ किलोच्या बॅगेत मिक्सर, पाणी तापवायचा रॉड, बाळंतिणीला शेकायची विजेची पिशवी, केटल, बीपीचं मशीन, मोबाइलचा चार्जर. एकेक वस्तू उलटी केली. काकूंना इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून खुणा ठरवल्या. वर तोंड केलेल्या चिमट्यासारखं अक्षर म्हणजे व्होल्ट, तसे दोन चिमटे शेजारी शेजारी म्हणजे वॅट. चिमट्याच्या आधीचा आकडा वाचायचा. २३० किंवा २२०-२४० असेल तर वस्तू इथेच ठेवायची. १००-२४० असेल तर ती दोन्हीकडे चालते. चार्जरवर तसंच होतं. हे दोन्हीकडे चालणं काकूंना पटेना, तेव्हा आम्ही लोकलचं उदाहरण दिलं. मुंबईत १९२५ साली पहिली विजेची लोकल हार्बर मार्गावर १५०० व्होल्टवर धावली, आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये हाच मार्ग २५,००० व्होल्टवर गेला. मधल्या काळात मुंबईत दोन्हीवर चालणाऱ्या गाड्या आणाव्या लागल्या. चार्जर म्हणजे तशी गाडी. त्याला तिकडे फक्त पिन लागते.

बीपीचं मशीन सेलवर चालणारं, ते गेलं. रॉड काढला, तिथे नळालाच गरम पाणी येतं. केटल आणि शेकायची पिशवीही काढली. (धुरीची शेगडी काकू नेणारच होत्या. पण तिकडे घरात धूर झाला की भोंगा वाजतो, हे लेकीने आधीच बजावलं होतं.)

भांडण झालं ते मिक्सरवरून. लेकीने पहिल्या पगारातून घेतलेला मिक्सर, ७५० वॅटचा. काकू म्हणाल्या, तिकडच्या ब्लेंडरवर वाटण होत नाही. त्यांचं खरंच आहे. साठच्या दशकात मुंबईत सत्यप्रकाश माथुर या इंजिनिअरांनी ‘सुमीत’ मिक्सर बनवला तो यामुळेच. पत्नी माधुरी यांचा जर्मन ब्लेंडर आपल्या वाटणापुढे टिकला नव्हता. म्हणजे हट्ट योग्य, पण मिक्सर २३० चा. १२० वर तो नुसता घुरघुरतो, आणि खोबरं भरून तसाच दामटला तर मोटर तापते. ट्रान्सफॉर्मर न्यावा तर मिक्सर सुरू होताना जास्त वीज ओढतो, म्हणून तो मिक्सरच्या वॅटच्या दुप्पट क्षमतेचा लागतो, आणि त्याचं वजन बॅगेत मसाल्याला जागा ठेवत नाही. वजनाने हलके, स्वस्त कन्व्हर्टर मिळतात, ते साध्या तापणाऱ्या वस्तूंपुरते असतात, मोटरला नाहीत. शेवटी लेकीनेच मार्ग काढला. प्रीतीसारख्या आपल्याकडच्या कंपन्या अमेरिका-कॅनडासाठी ११० व्होल्टचे मिक्सर बनवतात, ते तिथल्या भारतीय दुकानांत मिळतात. काकूंनी आपला मिक्सर सुनेच्या हवाली केला आणि मोकळ्या जागेत दोन किलो मसाला कोंबला.

प्रत्येक देशाला एवढा त्रास नाही. दुबई, लंडन, सिंगापूर इथे आपल्याइतकंच व्होल्टेज आहे, फक्त पिना तीन चौकोनी. तिथे जोडपिन पुरते, पण अर्थिंगची तिसरी पिन असलेलीच घ्या, आणि इस्त्री-केटलसाठी जास्त अँपिअरची. वायरची टोकं सोलून काडेपेटीच्या काडीने प्लगात अडकवायची आपली सवय मात्र विमानात बसायच्या आधी इथेच सोडा. जपानला जाणाऱ्यांनी १०० व्होल्ट लक्षात ठेवावं.

आता ताईंचं. मशीन दुरुस्त झालं नाही, आतली तारांची गुंडाळी काळी पडली होती. साडेआठ हजार ताईंनी भरावेत असं काहींचं म्हणणं होतं. आम्ही दोघी-तिघी त्यांच्या घरी गेलो, तर त्यांनी भरायची तयारी करून ठेवली होती, कानातले गहाण टाकून. मग बैठकीत ते मांडलं. मशीन मागवायचा ठराव सगळ्यांचा, बटण दाबलं ते दुसरीने, साठ रुपयांची पिन आणली तिसरीने. तोटा तेरा जणींत वाटला, प्रत्येकी साडेसहाशेच्या वर थोडे, पाच हप्त्यांत. एक जण अजूनही नाराज आहे, तिने तसं वहीत लिहायला लावलं आणि आम्ही लिहिलं. त्याच पानावर दुसरा ठराव आहे. कुठलंही मशीन घेताना, नवं असो की वापरलेलं, दोघींनी तळाचा आकडा मोठ्याने वाचायचा आणि वहीत उतरवल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

परवाच्या बैठकीला ताई आल्या. दुबईहून दिराने पाठवलेली केटल पिशवीत होती. बसायच्या आधी त्यांनी ती उलटी केली आणि आम्हाला वाचून दाखवली. २२०-२४०. पिना तीन चौकोनी. जोडपिनही त्यांनी बरोबर आणली होती, तिसऱ्या पिनेची. वहीत नोंद झाली आणि चहाचं पाणी त्याच केटलमध्ये ठेवलं.