घरचा संगणक आणि परीक्षेचें प्रमाणपत्र

कोथरूडला डहाणूकर कॉलनींत माझें लहानसें बिऱ्हाड आहे. त्या बिऱ्हाडांतील जेवणाच्या टेबलावर गेलें दीड वर्ष दोन वस्तु ठाण मांडून बसल्या आहेत. एक विटेएवढें जाड इंग्रजी पुस्तक, आणि दुसरी झांकण काढलेली संगणकाची पेटी. त्यामुळें आमच्याकडे पानें जमिनीवर मांडावीं लागतात, आणि "अहो, हा पसारा कधीं आवरणार?" हा प्रश्न मला दिवसांतून दोनदां तरी ऐकावा लागतो. त्या पसाऱ्याची हकीकत आज आपणांस सांगावी असें योजिलें आहे.

प्रारंभींच माझी योग्यता सांगून टाकतों, म्हणजे पुढें कोणाची फसगत व्हावयाची नाहीं. मी १९७४ सालीं जुन्या अकरावीची शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालों. कॉलेजांत जाण्याइतकी घरची परिस्थिति नव्हती, म्हणून डी.एड. करून शिक्षक झालों आणि २०१६ सालीं निवृत्त झालों. विद्युत्शास्त्र मला येतें तें प्राथमिक शाळेच्या पुस्तकापुरतें. अशा माणसानें संगणकावर बोलावें हें धाडसच म्हटलें पाहिजे. परंतु मी संगणकावर बोलणार नसून परीक्षेवर बोलणार आहें, आणि परीक्षा हा विषय मात्र माझ्या अंगवळणीं पडलेला आहे.

संगणकाचें प्रथम दर्शन मला झालें तें शाळेंतच. १९८४ सालीं केंद्र सरकारनें शाळांतून संगणक-साक्षरता वाढविण्यासाठीं 'क्लास' या नांवाची योजना काढली आणि प्रारंभीं सुमारें २५० शाळांना इंग्लंडांतील 'बीबीसी मायक्रो' हीं यंत्रें दिलीं. माझ्या परिचयाच्या एका शाळेंत असें यंत्र आलें. त्याच्यासाठीं स्वतंत्र खोली सजविण्यांत आली, त्यावर शिवून घेतलेलें आवरण घालण्यांत आलें, चपला बाहेर काढण्याचा नियम झाला, आणि खोलीची किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशांत राहिली. मुलें खिडकीच्या कांचेला नाक लावून पाहत असत. यंत्र बिघडूं नये म्हणून जें जें करतां येण्यासारखें होतें तें सर्व केलें गेलें. आणि तें खरोखरच बिघडलें नाहीं! कोणाच्या उपयोगींहि पडलें नाहीं.

वास्तविक तें यंत्र फार गुणी. त्याची स्मृति अवघी ३२ किलोबाइटांची; आजच्या भ्रमणध्वनीवर काढलेलें एक छायाचित्रहि तींत मावावयाचें नाहीं. पण चालू केलें कीं तें थेट 'बेसिक' या भाषेंतील आज्ञेची वाट पाहत थांबे. म्हणजे त्याच्याशीं चार शब्द बोलल्यावांचून तें कांहींच करीत नसे, आणि बोलावयाचें तर मुलाला विचार करावा लागे. त्याच दशकाच्या उत्तरार्धांत 'स्पेक्ट्रम' हें तसलेंच एक विलायती घरगुती यंत्र आपल्या पुण्यांतील डेसिबेल्स या कंपनीनें परवाना घेऊन बाजारांत आणलें. घरचा टीव्ही हा त्याचा पडदा आणि गाणीं ऐकावयाचा टेपरेकॉर्डर हें त्याचें कपाट. ज्यांच्या घरीं तें आलें, त्यांच्या मुलांनीं तें उघडलेंहि, बिघडविलेंहि, आणि पुढें त्यांतील कांहींजण संगणकाच्या व्यवसायांत शिरले. त्याच सुमारास, १९८८ सालीं, पुण्यांत सी-डॅक ही संस्था निघाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं 'परम ८०००' हा महासंगणक तयार झाला. एकाच शहरांत एकीकडे महासंगणक जुळविला जात होता, आणि दुसरीकडे शाळेंतल्या यंत्रावरचें आवरण धुवावयास कधीं टाकावें याची चर्चा चालली होती.

हा दोष केवळ आपलाच असें समजण्याचें कारण नाहीं. केंब्रिज विद्यापीठांतील एबेन अप्टन प्रभृति मंडळींना असें आढळून आलें कीं, पूर्वीं संगणकशास्त्राच्या वर्गाला येणारे विद्यार्थी घरच्या यंत्राशीं खटपट करून आलेले असत, आणि नंतरच्या पिढीचे विद्यार्थी मात्र नुसतें यंत्र वापरून आलेले असत. त्यावर उपाय म्हणून त्यांनीं २०१२ सालीं 'रास्पबेरी पाय' नांवाचा, तळहातावर मावणारा, उघडाबोडका आणि स्वस्त संगणक काढला. बिघडला तरी घरांत रडारड होऊं नये, हाच त्याचा मोठा गुण! त्याच्या पहिल्या नमुन्यांना 'ए' आणि 'बी' हीं नांवें दिलीं तींहि त्या जुन्या बीबीसी मायक्रोच्या आठवणीनें.

असो. आतां माझ्या स्वतःच्या प्रमाणपत्राकडे वळतों. २००१ सालीं महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झालें आणि पुढील वर्षीं 'एमएस-सीआयटी' ही परीक्षा सुरू झाली. खेड्यापाड्यांतील लक्षावधि लोकांचा हात या परीक्षेमुळें प्रथमच संगणकाला लागला, ही गोष्ट लहान नव्हे. शासकीय सेवकांना संगणक-अर्हता आवश्यक झाल्यावर आम्हां शिक्षकांचीहि धांदल उडाली. मीहि बसलों. कोठलें बटन केव्हां दाबावयाचें हें मीं पाढ्यांप्रमाणें पाठ केलें, चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण झालों, आणि प्रमाणपत्र फायलींत लावून टाकलें. त्यानंतर कित्येक वर्षें मी संगणकाजवळ गेलों नाहीं. यांत त्या परीक्षेचा दोष मुळींच नाहीं. शिक्षक असूनहि मीं विद्यार्थ्यांची सर्वांत वाईट खोड उचलली होती.

आतां टेबलावरील पसाऱ्याचा खरा धनी सांगतों. तो माझा नातू, माझ्या मुलीचा मुलगा. अभियांत्रिकीच्या पदविकेचीं दोन वर्षें त्यानें कशींबशीं रेटलीं आणि २०२३ सालीं शिक्षण सोडून दिलें. मुलगा आळशी नव्हता. बुधवारीं आणि रविवारीं जुन्या बाजारांत जावें, भंगारांतले संगणक उचलून आणावेत, तपकीर गल्लींतून एखादी वायर किंवा पंखा पैदा करावा, आणि तीन मेलेल्यांतून एक जिवंत उठवावा, हा त्याचा उद्योग. पण या उद्योगाला कागद नव्हता. नोकरीच्या ठिकाणीं पहिला प्रश्न होई तो कागदाचाच. बापलेकांत बोलणें बंद झालें, आणि एके दिवशीं जावईबापू त्याला पेटीसकट माझ्याकडे आणून म्हणाले, "तुम्ही मास्तर आहांत, याला एखाद्या परीक्षेला तरी बसवा."

चौकशी करतां 'ए प्लस' नांवाची परीक्षा ठीक वाटली. 'कॉम्पटिया' ही अमेरिकेंतील संस्था ती १९९३ सालापासून घेत आली आहे. तिचे पेपर दोन: पहिल्यांत यंत्राचे भाग आणि संगणकांचीं जाळीं, दुसऱ्यांत कार्यप्रणाली, सुरक्षितता आणि दुरुस्तीची रीतभात. प्रत्येक पेपराला वेळ ९० मिनिटें, प्रश्न अधिकांत अधिक ९०. गुण १०० पासून ९०० पर्यंत मोजतात, आणि उत्तीर्ण होण्यास पहिल्यांत ६७५ व दुसऱ्यांत ७०० लागतात. शून्य नाहींच! कोऱ्या कागदालाहि शंभर गुण देणारा परीक्षक मीं जन्मांत प्रथमच पाहिला. मात्र हें प्रमाणपत्र टिकतें तीनच वर्षें. पुढें त्याचें नूतनीकरण करावें लागतें. माझी अकरावी मला पन्नास वर्षें पुरली आहे.

दोन्ही पेपरांची फी माझ्या पेन्शनींतून द्यावयाची ठरली, आणि ती रक्कम लहान नव्हती. अभ्यासाला बसविलें खरें. परंतु मुलगा पुस्तक उघडीना. दहा ओळींत त्याला झोंप येई. शेवटीं मीं असा तोडगा काढला कीं पुस्तक मी वाचावें, मराठींत टिपण काढावें, आणि त्यानें तें टिपण यंत्रावर मला खरें करून दाखवावें.

येथून माझेंच शिक्षण सुरू झालें. एकदां एक यंत्र चालू करावें तों पडदा काळा, आणि आंतून नुसता 'टूं टूं' असा आवाज. अशी शिटी ही पुष्कळदां स्मृतिपट्टीची, म्हणजे रॅमची, तक्रार असते हें मीं आदल्याच दिवशीं टिपून घेतलें होतें. मी तें वाचून दाखवीपर्यंत नातवानें पट्टी उपसून काढली आणि मला म्हणाला, "आजोबा, तुमचा खोडरबर द्या." त्या पट्टीच्या कडेला सोनेरी दांतांची रांग असते, तिच्यावर मळ सांचला कीं वीज नीट जात नाहीं. त्यानें रबरानें ती कडा हलकेंच घांसली, कण झटकले, पट्टी परत बसविली, आणि यंत्र जागें झालें! चाळीस वर्षें मुलांच्या चुका ज्या वस्तूनें खोडल्या तिचा असा उपयोग मला ठाऊक नव्हता. आंत हात घालण्यापूर्वीं वीज तोडून पेटीच्या धातूला स्पर्श करावा, म्हणजे अंगांतील स्थितिविद्युत् नाजूक भागांवर उतरत नाहीं. घड्याळ रोज मागें जात असेल तर नाण्याएवढी एक बॅटरी बदलावी. प्रोसेसरवर लावावयाचा उष्णतावाहक लेप मटाराच्या दाण्याएवढाच घ्यावा, अशा शेंकडो गोष्टी माझ्या वहींत आल्या. आमच्या मंडळींना हा शेवटचा नियम पटला. "लेप कोणताहि असो, थोडाच लावावा," असें त्यांनीं स्वयंपाकघरांतून सांगितलें.

एका ठिकाणीं मात्र गाडी माझ्याकडून पुढें गेली. जाळ्यांतील प्रत्येक यंत्राला १९२.१६८.१.५ अशासारखा चार आंकड्यांचा पत्ता असतो. त्यांतील प्रत्येक आंकडा ० ते २५५ यांमध्येंच कां, आणि २५५.२५५.२५५.० हें काय गौडबंगाल आहे, हें त्याला उमगेना. तो नुसतें पाठ करी आणि चुके. तेव्हां मीं त्याला किराणा दुकान मांडून दिलें. वाण्याजवळ १, २, ४, ८, १६, ३२, ६४ आणि १२८ ग्रॅमचीं आठच वजनें आहेत. प्रत्येक वजन एकदांच वापरावयाचें. तर १ पासून २५५ ग्रॅमपर्यंत कोणतेंहि वजन तोलतां येतें. १९२ म्हणजे १२८ आणि ६४. १६८ म्हणजे १२८, ३२ आणि ८. वजन ठेवलें तर एक, न ठेवलें तर शून्य. हीच यंत्राची द्विमान पद्धति. २५५ म्हणजे आठहि वजनें पारड्यांत, आणि शून्य म्हणजे पारडें रिकामें. भरलेलीं तीन पारडीं ही गल्लीची खूण, रिकामें चवथें घर-क्रमांकासाठीं मोकळें. आणि पहिला व शेवटचा क्रमांक राखून ठेवलेले असल्यामुळें त्या गल्लींत घरें २५४. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "कॉलेजांत हें असें कोणीच सांगितलें नाहीं." मास्तराला याहून अधिक काय हवें?

परंतु खरी परीक्षा पुढेंच होती. पहिल्या पेपराला पंधरा दिवस उरले असतां तो दिवसदिवस यंत्राकडे पाहीनासा झाला आणि भ्रमणध्वनींत डोकें घालून बसूं लागला. मीं पाहिलें तर परीक्षेंतून चोरून जमविलेले प्रश्न आणि त्यांचीं उत्तरें! त्याच्या एका मित्रानें तेवढ्यावरच परीक्षा मारली होती. हें नियमाविरुद्ध आहे, सांपडल्यास प्रमाणपत्र रद्द होतें, हें मीं बजावलें. त्यावर तो शांतपणें म्हणाला, "आजोबा, तुम्हीहि पाठ करूनच पास झालांत ना?"

श्रोतेहो, मला राग आला नाहीं. कारण तें खरें होतें. मीं फायलींतून माझें प्रमाणपत्र काढलें आणि त्याच्यापुढें ठेवून, जें घरांत कोणाला सांगितलें नव्हतें तें सांगितलें. २०२० सालच्या टाळेबंदींत आमच्याच मजल्यावरील एका मुलीची शाळा पडद्यावरून सुरू झाली. तिची आई धांवत माझ्याकडे आली: "गुरुजी, तुम्ही परीक्षा दिली आहे ना? वर्ग तेवढा लावून द्या." मीं पाऊण तास खटपट केली. मला कांहीं म्हणजे कांहीं करतां आलें नाहीं. ती चिमुरडी गणवेष घालून, वेण्या बांधून बसली होती. तिचा त्या दिवशींचा वर्ग बुडाला. तिच्या आईनें एक शब्दहि वावगा काढला नाहीं, "असूं द्या, गुरुजी" एवढेंच म्हणाली; आणि त्यानंतर तिनें मला पुन्हां कधीं बोलाविलें नाहीं.

नातवानें तो प्रश्नसंग्रह पुसला कीं नाहीं, मला ठाऊक नाहीं. मीं विचारलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं टेबलावरची पेटी मात्र पुन्हां उघडलेली दिसली.

पहिला पेपर तो ७१८ गुणांनीं उत्तीर्ण झाला. त्यांत नुसते प्रश्नच नव्हते. पडद्यावर बिघडलेली मांडणी देऊन ती सुधारावयास सांगितली होती, आणि तेथें त्याच्या हातांना कांहीं शिकवावें लागलें नाहीं. दुसऱ्या पेपरांत मात्र १६ गुणांनीं गेला. कोठें उणें पडलें याचा तपशील निकालाबरोबर मिळतो. त्यांत निघालें काय, तर ग्राहकाशीं वागण्याबोलण्याची रीत! ग्राहकाचें बोलणें मध्येंच तोडूं नये, त्याच्या अज्ञानाला हंसूं नये, बोलतांना फोनकडे पाहूं नये, हें सारें त्या परीक्षेच्या अभ्यासक्रमांत आहे. आमच्या मंडळींनीं तें ऐकतांच हात जोडले. "हें मी त्याला फुकट दहा वर्षें सांगत आहें," त्या म्हणाल्या.

सध्यां तो पौड रस्त्यावरील एका दुरुस्तीच्या दुकानांत कामाला जातो. अर्धा कागद पाहून मालकानें ठेवून घेतलें, असें जावईबापूंचें मत. मालकाचाच बंद पडलेला संगणक त्यानें समोर बसून चालू करून दिला म्हणून ठेवलें, असें त्याचें स्वतःचें. बापलेक याच मुद्द्यावर पुन्हां बोलूं लागले आहेत. पुढील महिन्यांत तो दुसऱ्या पेपराला बसेल. ग्राहक होण्याचें काम रोज संध्याकाळीं माझ्याकडे असतें. मी मुद्दाम वेडेवांकडे प्रश्न विचारतों आणि तो दांत-ओंठ न खातां उत्तरें देण्याचा सराव करतो.

माझ्या वहीचीं दोनशें पानें झालीं आहेत. पहिल्या पेपराला मींहि बसावें असें नातवाचें म्हणणें. फी अजून भरलेली नाहीं. कारण पेन्शनीचा हिशेब आमच्या मंडळींच्या हातीं आहे, आणि त्यांची अट एकच आहे, टेबल आधीं मोकळें झालें पाहिजे.