रांग कोठें आहे?

५ फेब्रुवारी २०२५ रोजीं अमेरिकेचें लष्करी विमान परवान्यावांचून तेथें राहिलेल्या १०४ भारतीयांस घेऊन अमृतसरला उतरलें. पुरुषांच्या हातांपायांत बेड्या होत्या. बहुतेक पंजाब, हरियाणा व गुजराथचे, तिघे महाराष्ट्रांतले. पुष्कळांनीं विचारलें, हे लोक इतरांसारखे रांगेंत कां उभे राहिले नाहींत? प्रश्न रास्त आहे. तर ती रांग पाहूं या.

१९४६ च्या कायद्यानें तेथें भारतीयांना वर्षाला अवघ्या शंभर जागा दिल्या होत्या. १९६५ सालीं ती व्यवस्था मोडली. आज नोकरीच्या आधारें कायम वास्तव्याचे सुमारें १,४०,००० परवाने दरसाल निघतात. पण एका देशास सामान्यतः सात टक्क्यांहून अधिक नाहींत, मग तो भारताएवढा असो वा आइसलंडाएवढा. अकुशल मजुरांस तर सर्व जगांत मिळून दहा हजारांहून अधिक परवाने नाहींत. तेथील नागरिकानें आपल्या सख्ख्या भावासाठीं अर्ज केला, तर भारतांतल्या भावास दीड तपाहून अधिक काळ थांबावें लागतें. अर्जाच्या वेळीं माझ्यासारख्या मास्तरापुढें बाराखडी गिरविणारीं मुलें तोंवर एकवीस वर्षांचीं होऊन पुष्कळदां त्या अर्जांतून गळतात!

सीमा राखण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्रास आहेच. त्याबद्दल माझा वाद नाहीं. परंतु ज्याचा भाऊ तेथें नाहीं, ज्याजवळ पदवी नाहीं, त्या शेतकऱ्याच्या मुलास उभें राहावयास रांगच नाहीं. तो शेत विकून दलालाकडे जातो, आणि दलाल त्याला पनामाजवळच्या दारिएनच्या अरण्यांतून नेतो.