शुश्रूषा आणि संप

(जत येथे कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



रुग्णालय म्हणजे काय, हे जत तालुक्यातील माणसाला समजावून सांगावे लागत नाही. गावच्या उपकेंद्रातून जतच्या ग्रामीण रुग्णालयात आणि तेथे भागले नाही, तर कवठे महांकाळ मागे टाकून मिरजेला किंवा सांगलीला, ही वाट या दुष्काळी भागातील बहुतेक कुटुंबांनी केव्हा ना केव्हा तुडवलेली आहे. त्या वाटेच्या शेवटी रोग्याच्या उशाशी रात्र काढते ती परिचारिका. डॉक्टर तपासून जातात, नातेवाईक थकून भिंतीला टेकतात. रोग्याची कूस बदलण्याचे आणि त्याला घोटभर पाणी पाजण्याचे काम तिच्याकडे राहते. घरी परतताना आपण तिला हात जोडतो. मात्र तीच सिस्टर पुढे संपावर गेली, की 'यांना माणुसकी उरली नाही' असे म्हणून मोकळेही होतो. शुश्रूषा आणि संप या परस्परविरोधी गोष्टी आहेत, असे आपण गृहीत धरले आहे. हे गृहीत किती खोटे आहे, हे मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिकांनी बेचाळीस वर्षे दाखवून दिले.

अरुणा शानबाग ही उत्तर कन्नड जिल्ह्यातील हळदीपूरची मुलगी. परिचारिका होऊन ती मुंबईत आली आणि परळच्या केईएममध्ये नोकरीला लागली. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी काम संपवून रुग्णालयाच्या तळघरात ती कपडे बदलत असताना तेथील एका सफाई कर्मचाऱ्याने कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळून तिच्यावर अत्याचार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सापडली, तेव्हा मेंदूला प्राणवायू न मिळाल्याने कायमची इजा झालेली होती. ती पुन्हा बोलली नाही, चालली नाही. गुन्हेगाराला चोरी आणि खुनाच्या प्रयत्नाबद्दल सात वर्षांची शिक्षा झाली. बलात्काराचा आरोप ठेवलाच गेला नाही. तो शिक्षा भोगून बाहेर पडला. अरुणा त्याच रुग्णालयात एका खाटेवर राहिली, ती १८ मे २०१५ पर्यंत.

या काळात तिचे सर्व काही परिचारिकांनी केले. मऊ कालवलेले अन्न भरवले, अंग पुसले, केस विंचरले, दिवसरात्र कूस बदलली. इतकी वर्षे अंथरुणाला खिळलेल्या रोग्याच्या पाठीला जखमा होणे जवळजवळ अटळ असते. परंतु अरुणाच्या अंगावर अशी एकही जखम झाली नाही, याची सर्वोच्च न्यायालयाने आश्चर्याने नोंद घेतली. ज्यांनी तिच्याबरोबर काम केले होते, त्या निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी आलेल्यांपैकी अनेकींचा १९७३ साली जन्मही झालेला नव्हता. तरीही पाळी एकीकडून दुसरीकडे जात राहिली. ही एका दयाळू बाईची कथा नव्हे. एका कामगारवर्गाने आपल्या सहकारिणीशी पिढ्यान्पिढ्या राखलेली ती निष्ठा होय.

आता या कथेचा तो भाग, जो सत्कारसमारंभांतून क्वचितच सांगितला जातो. हल्ल्यानंतर मुंबईच्या परिचारिकांनी पहिली गोष्ट केली ती संपाची. अरुणाची काळजी घ्या आणि आम्हाला सुरक्षितपणे काम करता येईल अशी व्यवस्था द्या, अशी त्यांची मागणी होती. पुढे १९८० च्या दशकात खाट मोकळी करण्यासाठी अरुणाला केईएममधून हलविण्याचा प्रयत्न महानगरपालिकेने दोनदा केला. हिशेबाच्या वहीतून पाहिले, तर त्यात तर्क होता. बरा न होणारा एक रोगी एक खाट अडवून बसला होता. दोन्ही वेळा परिचारिका विरोधाला उभ्या राहिल्या आणि पालिकेला माघार घ्यावी लागली. त्या विरोधाला बेशिस्त म्हणणारे त्या वेळीही असतील. परंतु तो विरोध झाला नसता, तर नंतरच्या ज्या सेवेचे गोडवे सारा देश गातो, ती सेवा करायला अरुणा तेथे राहिलीच नसती. संघटना हीच येथे शुश्रूषेची पूर्वअट ठरली.

सातारा जिल्ह्यातील नायगावात जन्मलेल्या सावित्रीबाई फुले यांचा शेवट येथे आठवावा. १८९७ च्या प्लेगात त्या रोग्यांना उचलून आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात नेत होत्या. त्याच साथीने १० मार्च १८९७ रोजी त्यांचा बळी घेतला. त्या त्यागापुढे मस्तक नमवावे आणि त्याच वेळी एक प्रश्नही विचारावा. सेवा करणारीला तिच्या करुणेची किंमत स्वतःच्या प्राणांनी मोजावी लागावी, हे समाजाला भूषण कसे? सेवेकरणीला देवी म्हटले, की तिच्या पगाराचा, कामाच्या तासांचा आणि सुरक्षिततेचा विषय काढणेच अप्रशस्त ठरते. देव्हाऱ्यात बसविणे ही पुष्कळदा हक्क नाकारण्याचीच एक सभ्य रीत असते.

अर्थशास्त्रही या अन्यायात मागे नाही. शासकीय सेवेचे मूल्य राष्ट्रीय उत्पन्नात धरताना ते तिच्यावरील खर्चावरून, म्हणजे मुख्यतः पगारावरून काढले जाते. परिचारिकेला निम्म्या पगारावर कंत्राटाने नेमले, तर कूस तितक्याच वेळा बदलली जाईल, परंतु देशाच्या हिशेबात तिचे श्रम तेवढ्याने उणे दिसतील. आधी श्रम स्वस्त करायचे आणि मग ते स्वस्त आहेत म्हणून क्षुल्लक ठरवायचे, असे हे चक्र आहे.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो, त्याला बगल देणे योग्य नाही. अशा अवस्थेत माणसाला जगवीत ठेवणे, ही खरोखर करुणा आहे काय? पत्रकार पिंकी विराणी यांनी अरुणाच्या वतीने हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. त्या याचिकेमागेही करुणाच होती, हे मान्य केले पाहिजे. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने याचिका फेटाळली. मात्र कठोर अटींवर आणि उच्च न्यायालयाच्या संमतीने जीवरक्षक उपचार थांबविण्याची वाट त्याच निकालाने मोकळी केली. २०१८ च्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला. अरुणाच्या बाबतीत बोलण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नावर न्यायालयाने केईएमच्या कर्मचाऱ्यांकडे बोट दाखविले. तो अधिकार त्यांना रक्ताच्या नात्याने मिळालेला नव्हता, श्रमाने मिळालेला होता.

सन्मानाचे मरण हा हक्क खराच. परंतु ज्या देशात रुग्णालयाचे बिल भागवण्यासाठी शेत विकावे लागते, तेथे रोग्याची इच्छा कोठे संपते आणि कुटुंबाची खालावलेली ऐपत कोठे सुरू होते, हे कोण ठरवणार? केईएममध्ये हा पेच पडला नाही, कारण ते १९२६ पासून चालत आलेले सार्वजनिक रुग्णालय आहे. खाटेचे भाडे थकले म्हणून अरुणाचा प्रश्न कोणालाही निकालात काढता आला नाही. नफ्यावर चालणाऱ्या रुग्णालयात, अकरा महिन्यांच्या कंत्राटावरील परिचारिकांच्या हाती बेचाळीस वर्षांची निष्ठा कशी टिकली असती, याचा प्रत्येकाने विचार करावा. पुढची पाळी आपली असेल की नाही, हेच जिला ठाऊक नाही, ती पुढच्या पिढीच्या हाती काय सोपवणार?

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. मे २०२२ मध्ये महाराष्ट्रातील शासकीय परिचारिका संपावर गेल्या, त्या खासगी कंपन्यांमार्फत होणाऱ्या भरतीला विरोध करण्यासाठी. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका तरुण डॉक्टरची हत्या झाली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा अरुणा शानबागचे नाव घ्यावे लागले. मध्ये जवळजवळ एक्कावन्न वर्षे लोटली होती. १९७३ च्या संपातील सुरक्षिततेची मागणी अद्याप पुरी व्हायची आहे, याचा याहून वेगळा पुरावा कशाला हवा?

म्हणून कार्यकर्त्यांपुढचे काम साधे आहे. आपापल्या भागातील सरकारी रुग्णालयात जावे. परिचारिकांची मंजूर पदे किती, भरलेली किती आणि कंत्राटी किती, याची माहिती मागावी. रात्रपाळीच्या सिस्टरला कपडे बदलायला कडी असलेली खोली आहे काय, हे पाहावे. अरुणाला ती नव्हती. आणि उद्या या भगिनी आपल्या मागण्या घेऊन रस्त्यावर बसल्या, तर त्यांना माणुसकी शिकविण्याऐवजी त्यांच्या शेजारी जाऊन बसावे. रोग्याच्या उशाशी त्या बसतात, तेव्हा त्या आपल्यासाठीच बसलेल्या असतात.