यादीत न लिहिलेल्या अटी



ऑस्ट्रेलियात नर्सिंगच्या पदवीला जायचं तर काय लागतं, असं मला नेहमी विचारतात. यादी छोटीच आहे: बारावी, इंग्रजीची परीक्षा, पासपोर्ट, पैसे, पोलिसांचा दाखला, लसीकरणाची नोंद. पण यातली प्रत्येक ओळ काही घरांत आधीच भरलेली असते. माझ्या घरात ती नव्हती.

इंग्रजी घ्या. नर्सिंगसाठी अनेक विद्यापीठं आयईएलटीएसच्या चारही भागांत ७ गुण मागतात. मी मराठी शाळेतली. लेखनात दोनदा ६ वर अडकले. हा निकाल दोनच वर्षं चालतो, म्हणून बाकीचे कागद तयार नसताना परीक्षेची फी भरू नका.

कागदांचं म्हणाल तर, जात कळू नये म्हणून वडिलांनी आडनाव बदललं होतं. मार्कशीटवर जुनं, आधारवर नवं. राजपत्रात नाव छापून सगळं जुळवण्यात माझे आठ महिने गेले.

आणि पैसा. २०२४च्या मे महिन्यापासून व्हिसासाठी वर्षाच्या राहणीखर्चाचे २९,७१० ऑस्ट्रेलियन डॉलर दाखवावे लागतात. फी आणि प्रवास वेगळा. बारावीनंतर मी एका एजंटकडे गेले, तर त्याने पहिला प्रश्न केला, "नावावर जमीन किती?" मी उठून आले.

मग एक गोष्ट कळली, ती आधी कुणी सांगितली नव्हती. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप मास्टर्स आणि पीएचडीला मिळते, पहिल्या पदवीला नाही. म्हणून पहिल्या पदवीसाठी घर गहाण टाकू नका. बीएस्सी नर्सिंग इथे करा. प्रवेशाला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीत खुल्या वर्गाला ४५ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ४०. पण पदवीत ६० टक्के सोडू नका, कारण स्कॉलरशिपला तेवढे लागतात. वय ३५च्या आत आणि कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांपर्यंत हवं. त्या वर्षीचे नियम स्वतः वाचा. मीही याच वाटेने गेले. फक्त लक्षात ठेवा, तिथे नर्स म्हणून काम करायला नोंदणी लागते. मास्टर्स झालं म्हणून ती आपोआप मिळत नाही, वेगळा अर्ज करावा लागतो.

आज घरी गेल्यावर एवढंच करा. दहावीची मार्कशीट, आधार आणि जातीचा दाखला शेजारी शेजारी ठेवा. नाव अक्षर अन् अक्षर जुळतंय का बघा. नसेल जुळत, तर सुरुवात तिथूनच.

जय भीम.