कुठली बाजू?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



माझा आवाज तुमच्यापैकी काहींनी कविसंमेलनांत ऐकला असेल. बाईच्या जगण्यावर, तिच्या शरीरावर मी कविता लिहिल्या आणि व्यासपीठावरून न लाजता वाचल्या. आज मात्र कवितेविषयी बोलायचं नाही. तीच धीट म्हणवणारी कवयित्री स्वतःच्या घरात एक शब्द तीन महिने उच्चारू शकली नाही, त्याविषयी बोलायचं आहे.

२०१९ सालचा रमजान मे महिन्यात होता. सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहेच. दुपारी दुसऱ्यांदा अंघोळ करताना डाव्या बाजूला, काखेच्या जरा अलीकडे, हाताला काहीतरी लागलं. भिजवलेल्या हरभऱ्याएवढं, कडक. दाबून पाहिलं, दुखेना. दुखत नाही म्हणजे काळजीचं नाही, असं मी ठरवून टाकलं. खरं तर स्तनाच्या कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. बी. ए. झालेल्या, चार माणसांत दोन शब्द बोलणाऱ्या बाईला हे माहीत नव्हतं.

मग ईद आली. मग पुतणीचं लग्न आलं. घरात पाहुणे. रोज अंघोळीला गेले की बोटं तिथंच जायची आणि मी ती झटकून काढायची. जुलैच्या अखेरीस गाठ सुपारीएवढी वाटायला लागली, तेव्हा मी आमच्या ह्यांना म्हटलं, ‘छातीत काहीतरी वेगळं वाटतंय.’ आमच्या घरात आम्ही दखनी बोलतो, लिहिते मी मराठीत. ‘स्तन’ या अर्थाचा शब्द घरात मी दोन्ही भाषांत कधी उच्चारला नव्हता. त्यामुळं ‘छाती’ म्हणून सुटले. हे बिचारे घाबरले. तासाभरात मी दवाखान्यात आणि माझा ईसीजी सुरू! पट्टी अगदी व्यवस्थित आली. डॉक्टर म्हणाले, हृदय उत्तम आहे. त्यांची काय चूक? मी त्यांनाही खरं सांगितलं नव्हतंच. येताना ह्यांनी आनंदानं पाव किलो बर्फी घेतली. घरी येऊन ती मीही खाल्ली.

त्या बर्फीपायी आणखी तीन आठवडे गेले. पुण्याहून लेक आली. रात्री माझ्याशेजारी झोपली होती. अंधारात मी तिचा हात धरला आणि न बोलता त्या जागी नेऊन ठेवला. ती उठून बसली. दुसऱ्या दिवशी तपासणी, मॅमोग्राफी, सुईनं काढलेला तुकडा. आठवड्यानं कागद हातात आला. कॅन्सर.

नातेवाईक आले. अल्ला खैर करेगा, म्हणाले. तुला काही होणार नाही, म्हणाले. कुणी रडलं, कुणी दुवा मागितली, कुणी डबा आणला. त्या सगळ्यांची माया खरी होती. पण ‘काही होणार नाही’ हे ऐकलं की मी गप्प व्हायचे. कारण काहीतरी होणार होतं. माझ्या शरीराचा एक भाग कापला जाणार होता आणि त्याविषयी विचारायला मला माणूस नव्हतं.

ते माणूस मुंबईत भेटलं. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं आम्ही दादरला उतरलो. परळच्या टाटा रुग्णालयात नाव घातलं. १९४१ साली सुरू झालेलं हे रुग्णालय, आणि देशभरातून येणारी माणसं. आपलं दुःख केवढं मोठं वाटत असतं, पण तिथल्या बाकावर बसलं की ते इतरांच्या दुःखाएवढंच होतं. राहायला दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली. गाडगेबाबांच्या दशसूत्रीत अन्न, वस्त्र, औषध यांच्या जोडीला दुःखी माणसाला हिंमत देण्याचंही एक सूत्र आहे. हिंमत ही द्यायची वस्तू असते, हे मला तिथं कळलं.

पहिल्याच रात्री व्हरांड्यात बसले होते. लातूरकडच्या एक मावशी माझ्याजवळ येऊन टेकल्या. डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. माझ्या ओढणीकडं पाहून म्हणाल्या, ‘भाभी, कुठली बाजू?’

तीन महिन्यांत इतका सरळ प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, ‘डावी.’

‘माझं उजवं थान काढलं,’ मावशी म्हणाल्या. आज भाजीला काय केलं हे सांगावं, तितक्या सहज. ‘मी सांगते तुला काय काय व्हतंय ते. मंग भ्यायचं का न्हाई ते तू ठरीव.’

आणि त्यांनी सांगितलं. शस्त्रक्रियेनंतर बगलेतून एक नळी बाहेर येते, तिला बाटली लावतात. ती हातात धरून हिंडायचं नाही, कापडाची पिशवी शिवून गळ्यात अडकवायची. किती पाणी साठलं ते रोज लिहायचं. काख बधिर होते, घाबरायचं नाही. हात दुखतो म्हणून पोटाशी धरून बसलं की तो आखडतो. डॉक्टरांनी सांगितलं की भिंतीला तोंड करून उभं राहायचं आणि बोटांनी भिंत चढायची. जिथवर पोचलं तिथं खडूनं खूण करायची.

मावशी चौथी शिकलेल्या. त्या रात्री मला तीन महिन्यांत पहिल्यांदा झोप लागली.

सप्टेंबरच्या अखेरीस शस्त्रक्रिया झाली. डावा स्तन आणि काखेतल्या गाठी काढल्या. तीन गाठींत रोग पोचलेला होता. मेमध्येच बोलले असते तर पोचला असता का? हा प्रश्न मी डॉक्टरांना विचारला. ते म्हणाले, आता पुढचं बघू या. मावशींनाही विचारला. त्या म्हणाल्या, ‘मी तर आठ महिने गप व्हते.’ उत्तर नव्हतंच ते. पण त्या प्रश्नासकट माझ्याजवळ बसायची त्यांची तयारी होती.

टाके काढल्यावर पहिल्यांदा आरशात पाहिलं, तेव्हा धर्मशाळेतल्या आम्ही तिघी होतो. मावशी, मी आणि बीडकडची एक बत्तीस वर्षांची पोर. तिचं बाळ अंगावर पीत होतं. दूध साकळलं असेल म्हणून तिनं गाठीकडं दुर्लक्ष केलं होतं. दार लावून आम्ही एकमेकींच्या जखमा पाहिल्या. माझी आडवी रेघ पाहून पोर म्हणाली, ‘काकू, तुमची शिलाई माझ्यापेक्षा सरळ आलीय की!’ आम्ही हसलो, आणि हसताना तिघींच्याही जखमा ओढल्या गेल्या.

ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत केमोथेरपी. एकवीस दिवसांच्या अंतरानं आठ डोस. पहिले चार लाल औषधाचे. ते नंतर लघवीतून लालच जातं. आधी कुणी सांगितलं नसतं तर रक्त समजून माझा जीवच गेला असता. दुसऱ्या डोसाच्या आधी केस जाणार, म्हणून मावशींनी ते आधीच बारीक कापून घ्यायला लावले. ‘उशीवर पुंजकं बघून रडण्यापरीस आपल्या हातानं कापलेलं बरं.’ तेव्हा कळलं, त्यांचा पदर एवढा घट्ट का असायचा. त्यांचा पदर आणि माझी ओढणी एकच काम करत होते.

तोंड आलं. सोलापूरची बाई मी, शेंगाचटणीचं नाव काढलं तरी डोळ्यांत पाणी. मिठा-सोड्याच्या पाण्यानं दिवसातून चार-पाचदा गुळण्या. भाकरी दुधात कुस्करून. स्टीलच्या चमच्याला लोखंडाची चव यायला लागली, तेव्हा बीडच्या पोरीनं तिचा लाकडी चमचा दिला. डोसानंतर आठ-दहा दिवसांनी रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरतात. तेव्हा ताप आला तर घरगुती गोळी घेऊन झोपायचं नाही, रात्र असली तरी रुग्णालय गाठायचं. हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, कागदावर लिहूनही दिलं होतं. पण थर्मामीटर उशाशी ठेवायला लावणारी माझी मैत्रीणच होती. रेल्वेच्या तिकिटात कर्करुग्णाला आणि सोबतच्या माणसाला सवलत मिळते, त्याचा फॉर्म कुठल्या खिडकीवर मिळतो, हेही बाकावरच कळलं.

बाकावर सगळंच चांगलं मिळतं असं नाही. कुठल्या तरी पानाचा रस, कुणाची तरी पुडी, हेही तिथंच कानावर येतं. नगरकडच्या एक ताई दोन डोस घेऊन पुडीच्या मागं गेल्या होत्या आणि आठ महिन्यांनी, रोग पसरल्यावर परत आल्या होत्या. नव्या आलेल्या प्रत्येक बाईला त्या स्वतः होऊन हे सांगायच्या. स्वतःची चूक अशी दहा अनोळखी बायकांसमोर रोज मांडायला केवढं बळ लागत असेल!

मार्च २०२० मध्ये माझा शेवटचा डोस झाला आणि आठवड्याभरात टाळेबंदी आली. रेल्वे थांबली. रेडिएशनचे पंधरा दिवस मी सोलापुरातच पूर्ण केले. बाक सुटला, पण फोन होता. रोज संध्याकाळी सातला एकीनं दुसरीला फोन करायचा. याच काळात मावशींनी मला कापडाचा उभार शिवून पोस्टानं पाठवला. आत मऊ कापूस आणि मधोमध मोहरीची छोटी पुरचुंडी. वजन असलं म्हणजे तो वर सरकत नाही. दुकानातला सिलिकॉनचा मी नंतर घेतला. पण घरात अजून मावशींचाच वापरते.

पुढं वाचताना कळलं की, आमच्या बाकावर चाललेल्या या गोष्टीला मोठी परंपरा आहे. टेरीस लॅसर नावाच्या बाईंनी १९५२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्वतःच्या शस्त्रक्रियेनंतर अशाच दुसऱ्या बायकांच्या खाटेजवळ जायला सुरुवात केली. डॉक्टरांना ते आवडत नसे, तरी त्या जात राहिल्या. त्यातून ‘रीच टू रिकव्हरी’ ही चळवळ उभी राहिली. आणि आपल्या मुंबईत टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी १९९८ पासून वस्त्यांमधल्या दीड लाखाहून अधिक बायकांचा वीस वर्षं अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्या बायकांची प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हातानं तपासणी करत. निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पन्नाशी आणि त्यापुढच्या बायकांत या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले होते. त्याहून लहान वयात तसा फरक दिसला नाही. पण गाठी लवकर सापडल्या, त्या सगळ्याच वयांत. महागडं यंत्र नव्हतं. शिकवलेला हात होता आणि दारात येऊन विचारणारी बाई होती.

बीडची पोर २०२१ मध्ये गेली. तिचा लाकडी चमचा माझ्याकडं राहिला आहे. मावशी ठणठणीत आहेत, गुडघे सोडले तर. मी गोळ्या घेते, तपासणीला वेळेवर जाते. कॅन्सरनं मला शहाणं केलं, असं मी म्हणणार नाही. त्याच्याशिवाय शहाणी झाले असते तर बरं झालं असतं.

आता मला फोन येतात. कुणाची बहीण, कुणाची सून. पलीकडून आधी नुसता श्वास ऐकू येतो. मी ‘काही होणार नाही’ असं म्हणत नाही. औषधाचंही सांगत नाही, ते डॉक्टरांचं काम. मी एवढंच विचारते, ‘कुठली बाजू?’ आणि मग ती बोलायला लागते.

बायांनो, हाताला काही लागलं, आकार बदलला, कातडी ओढल्यासारखी दिसली, बोंडातून पाणी किंवा रक्त आलं, तर दुखायची वाट पाहू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांकडं जा. आणि भावांनो, घरातली बाई ‘छातीत काहीतरी वेगळं वाटतंय’ म्हणाली, तर ईसीजी जरूर काढा. पण बर्फी घेण्याआधी तिला आणखी एक प्रश्न विचारा.