‘काम काय करता?’ : परीक्षेत न विचारलेला प्रश्न



जोगेश्वरीच्या पश्चिमेला, ओशिवऱ्याच्या अंगास, जुन्या लाकडी सामानाचा मोठा बाजार आहे. पाडलेल्या घरांची दारे, कपाटे, पलंग तेथे येतात आणि त्यांवरचा जुना रंग खरवडून, घासून ती पुन्हा विक्रीयोग्य केली जातात. घरगुती रंगात शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक असू नये, हा सक्तीचा नियम आपल्या देशात अमलात आला तो नोव्हेंबर २०१७ मध्ये. त्याआधीचे रंग अशा सक्तीविना बाजारात आलेले आहेत. ते घासताना जी धूळ उडते, ती कामगाराच्या नाकातोंडात जाते.

असा एक कामगार रुग्णालयात आला, असे समजा. पोटात कळा येतात, चेहरा पांढुरका पडला आहे, चार पायऱ्या चढताच धाप लागते आणि उजवे मनगट उचलत नाही. वैद्यकाच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी या माणसाविषयी काय सांगू शकेल?

खरे पाहता, पुष्कळ काही. शरीरातील हीम हे द्रव्य कसे तयार होते, हा जीवरसायनशास्त्राचा हमखास प्रश्न. ग्लायसीनपासून लोहाच्या अणूपर्यंतच्या आठही पायऱ्या विद्यार्थी घडाघडा लिहितो. शिसे यांपैकी दोन विकरांची वाट अडवते आणि म्हणून रक्त कमी पडते. मनगट उचलणाऱ्या स्नायूंची मज्जा कोणत्या हाडाला वळसा घालून जाते, हे शरीररचनाशास्त्राच्या तोंडी परीक्षेत त्याने सांगितलेले असते. तांबड्या पेशी मोजणे तो शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिकलेला असतो. तीन विषय, तीन विभाग, तीन गुणपत्रके. आणि तिन्हींची उत्तरे त्या एकाच देहात एकवटलेली. परंतु ती एकत्र करून दाखव, असे त्याला परीक्षेत सहसा कोणी म्हणत नाही. मग रोग्यापुढे तरी त्याला ते कसे सुचावे?

हे दुखणे नवे नाही. बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि वैद्याने रोग्याला आणखी एक प्रश्न विचारावा, असे बजावले : तुमचा धंदा कोणता? आपल्याकडे भोर समितीने १९४६ मध्ये समाजाभिमुख डॉक्टर हवा, असे म्हटले. २०१९ पासून देशभर क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला. पहिल्याच वर्षी रोग्याशी गाठ पडावी, विषय एकमेकांना जोडून शिकवावेत, असे त्यात लिहिले आहे. जुहूच्या कूपर रुग्णालयात महापालिकेचे वैद्यकीय महाविद्यालय २०१५ मध्ये निघाले. तेथून ओशिवरा काही दूर नाही. अभ्यासक्रम बदलला, हे चांगलेच झाले. पण विद्यार्थी अभ्यासक्रम वाचत नाही, तो मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका वाचतो. प्रश्न पाठांतराचेच राहिले, तर शिकणेही पाठांतराचेच राहणार.

उपाय अज्ञात आहे, असेही नाही. स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डेन यांनी १९७५ मध्ये एक पद्धत मांडली. विद्यार्थी एका टेबलावरून दुसऱ्याकडे जातो, प्रत्येक ठिकाणी ठरावीक मिनिटांत काही करून दाखवतो आणि परीक्षक आधी ठरलेल्या यादीवरून गुण देतो. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील शिक्षकांनी १९८०च्या दशकात ती पहिल्या वर्षाच्या प्रयोगांना लावून पाहिली. परीक्षकाची लहर तीत बरीचशी बाजूस पडते. मात्र तीस मनुष्यबळ लागते, आणि ते भरावयाचे म्हणजे शिक्षकांच्या रिकाम्या जागा भरावयाच्या. चर्चा नेमकी येथेच थांबते!

एक आक्षेप मात्र प्रामाणिक आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या मुलाला पाठांतराचा प्रश्नच न्याय्य वाटतो; पाठ केले की गुण मिळाले. त्याच्यापुढे अर्धे पान इंग्रजीतील रोग्याची हकीकत ठेवली, तर तो भाषेत अडकतो आणि गुण मिळतात ते शहरी शाळेतील मुलाला. म्हणजे वैद्यकाच्या नावाखाली इंग्रजीचीच परीक्षा व्हायची. यावर उतारा पाठांतराकडे परतण्याचा नव्हे. हकीकत चार सोप्या वाक्यांत द्यावी. तोंडी भागात रोग्याचे बोलणे मराठी-हिंदीतच ठेवावे. ओशिवऱ्याचा कामगार काही इंग्रजीत कण्हत नाही. रंग घासणे म्हणजे काय, हे ठाऊक असलेल्या मुलाला तेथे चार पावले पुढेच राहता येईल.

दुसरा धोका शिकवणीवर्गांचा. रंगकामगार एकदा परीक्षेत आला की पुढच्या वर्षी ‘रंग म्हणजे शिसे’ हेही पाठ होऊन बसेल. म्हणून हकीकत दरवर्षी बदलली पाहिजे : कधी जुन्या बॅटऱ्या फोडणारा, तर कधी रक्त कमी असूनही शिशाशी काडीचा संबंध नसलेली, लोहाच्या गोळीवर लगेच चहा पिणारी बाई. चहा लोह शोषू देत नाही, हेही जीवरसायनशास्त्रच आहे.

आणि परीक्षकाच्या यादीत ‘काम काय करता?’ या प्रश्नाला एक गुण असावा. घरी लहान मुले आहेत काय, हे विचारणाऱ्यास आणखी एक. कारण ती धूळ कामाच्या कपड्यांबरोबर घरीही जाते.