पालकांनाही सोबत हवी

मुलगा व्यसनात अडकला की आई पर्स उशाखाली घेऊन झोपू लागते. वडील त्याची उधारी गुपचूप फेडतात, कॉलेजात ‘ताप आलाय’ म्हणून कळवतात. सगळं मायेपोटीच, पण त्यानं व्यसनाला मोकळं रान मिळतं.

अमेरिकेत १९५१ साली मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी ‘अल-अनॉन’ सुरू झालं. आता आपल्याकडेही त्याचे गट आहेत. तिथं फी नसते, आडनाव विचारत नाहीत, उपदेश तर नाहीच. एकेक जण आपलं सांगतो, बाकीचे ऐकतात. कुणी नुसतंच रडतं, तेही चालतं. व्यसन तुमच्यामुळे लागलं नाही आणि ते सोडवणं तुमच्या हातात नाही, हे तिथं पहिल्यांदा कानावर पडतं. ऐकायला कठोर खरं, पण उधारी फेडायला नाही म्हणायचं बळ त्यातूनच येतं. अवचट दांपत्यानं १९८६ साली पुण्यात उभारलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही उपचारात कुटुंबाला सामील करून घेतात.

मुलगा उपचाराला तयार नसला, तरी आईवडील गटात जाऊ शकतात. केंद्र सरकारच्या १४४४६ या मोफत हेल्पलाइनवर व्यसनमुक्तीसाठी मार्गदर्शन मिळतं. त्याच्या होकाराची वाट न पाहता फोन कराच.